नोंदीच्या मागे मागे

पुण्यात पेशव्यांच्या शिकारखान्यात १७९० साली एक गेंडा होता. गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट या पुणेकर चित्रकाराने त्या वर्षीच्या नोव्हेंबरात त्याचे चित्र काढले. ते चित्र आज अमेरिकेत, न्यू हेवन इथल्या येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्ट या संग्रहालयात आहे. ते पाहायला न्यू हेवनला जावे लागत नाही. संग्रहालयाच्या संकेतस्थळावर कुणालाही ते फुकट, मोठे करून पाहता येते. गंगारामाने कार्ल्याच्या लेण्यांत बसून केलेले कामही तिथेच पाहायला मिळते.

असे काही अचानक समोर आले की आनंद होतो, पण बहुतेकांचा शोध तिथेच थांबतो. चित्र व्हॉट्सॲपवर पुढे जाते, ‘दुर्मीळ पेशवेकालीन चित्र’ एवढी एक ओळ त्याच्यासोबत राहते आणि चित्रकाराचे नाव पहिल्या दोन-तीन हातांतच गळून पडते. कला, संस्कृती आणि तंत्रज्ञान यांतले इंटरनेटवर जे खरोखर मोलाचे आहे, ते अशा पुढे ढकललेल्या चित्रांतून हाती लागत नाही. ते संग्रहालयांच्या, ग्रंथालयांच्या नोंदींत असते. चित्राखाली बारीक अक्षरात दिलेली ती दहा-बारा ओळींची नोंद वाचायची सवय लागली, की एका नोंदीवरून दुसरीकडे आणि दुसरीवरून तिसरीकडे वाट फुटत जाते. ती वाट कशी धरायची हे इथे सांगायचे आहे.

सुरुवात हातातल्या चित्रापासूनच करा. कुणीतरी पाठवलेले चित्र गुगल लेन्स किंवा टिनआय यांना दिले, की त्याच्यासारखी चित्रे कुठेकुठे आहेत ते दिसते. निकालांत फेसबुक, पिंटरेस्ट, पोस्टर विकणारी दुकाने यांची गर्दी असते. ती सोडून द्या आणि संग्रहालय, विद्यापीठ, ग्रंथालय किंवा विकिमीडिया कॉमन्स यांपैकी काही दिसते का ते पाहा. कॉमन्सवर सापडले तर तिथेही थांबू नका. प्रत्येक चित्राच्या पानावर स्रोताची ओळ असते, तिच्यावरून मूळ संस्थेच्या पानावर जाता येते. तिथे पोचलात याची खूण म्हणजे दाखल क्रमांक. वस्तू संस्थेत आली तेव्हा तिला दिलेला हा अक्षर-अंकांचा क्रमांक चित्राचे शीर्षक बदलले, चित्रकाराबद्दलचे मत बदलले, तरी सहसा तोच राहतो. म्हणून आपल्या वहीत आधी तोच उतरवून घ्यावा.

आता नोंद वाचायची. शीर्षक बहुधा चित्रकाराने दिलेले नसते, सूचीकाराने दिलेले असते, तेव्हा त्यावर फार विसंबू नये. चित्रकाराच्या नावाआधी काय लिहिले आहे ते मात्र बारकाईने पाहावे. ‘अट्रिब्यूटेड टू’ म्हणजे हे काम त्याचे असावे असे जाणकारांना वाटते. ‘आफ्टर’ म्हणजे त्याच्या चित्रावरून दुसऱ्या कुणी केलेले. वर्षाआधी ‘सर्का’ असेल तर ते वर्ष अंदाजाचे आहे. ही छोटी पदे चित्र पुढे पाठवताना सर्वांत आधी गळतात आणि ‘असावे’चे ‘आहे’ होऊन बसते. त्यानंतर येते चित्र संस्थेकडे कसे आले त्याची ओळ, आणि शेवटी चित्रावर किंवा त्याच्या पाठीमागे काही लिहिलेले असेल तर तो मजकूर. या शेवटच्या दोन गोष्टींत पुढच्या वाटा दडलेल्या असतात.

गंगारामाचेच उदाहरण पुढे नेऊ. त्याच्याबद्दल वाचायला लागलात की चार्ल्स वॉर मॅलेट हे नाव येते. मॅलेट १७८६ पासून पुणे दरबारात इंग्रजांचा रेसिडेंट होता. त्याच्या पुढाकाराने शनिवारवाड्यात युरोपीय पद्धतीचे चित्रकाम शिकवण्याची सोय झाली आणि गंगाराम तिथे तयार झाला. मॅलेट हे नाव शोधले की जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार भेटतो. तो १७९१ मध्ये मुंबईत उतरला, पुण्यात राहिला, दरबारातल्या माणसांची चित्रे काढली आणि १७९५ मध्ये हिंदुस्थानातच वारला. पुढे त्याची मुलगी सुसाना हिच्याशी मॅलेटने लग्न केले. वेल्सने १७९२ मध्ये केलेले सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचे तैलचित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे. ब्रिटनमधल्या सार्वजनिक संग्रहांतल्या चित्रांची एकत्र सूची करणाऱ्या ‘आर्ट यूके’ या संकेतस्थळावर ते पाहता येते.

याच वाटेवर पुढे लंडनच्या टेट संग्रहालयातले एक मोठे चित्र लागते. पेशव्यांच्या दरबारात मॅलेट करार करतो आहे, सवाई माधवराव बसले आहेत, सरदार ओळीने आहेत. टिपूविरुद्धचा हा करार १७९० चा. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत हा प्रसंग जणू कुणी डोळ्यांनी पाहून रंगवला असावा अशा भरवशाने तो छापला जातो. आता नोंद वाचा. चित्रकार थॉमस डॅनियल, साल १८०५. म्हणजे चित्र प्रसंगानंतर पंधरा वर्षांनी पुरे झाले. डॅनियल त्या दरबारात नव्हता. त्याने वेल्सची रेखाटने वापरली, आणि करार झाला तेव्हा वेल्स हिंदुस्थानात आलाही नव्हता. चेहरे वेल्सने प्रत्यक्ष पाहून काढलेल्या रेखाटनांवर आधारलेले, मांडणी मात्र लंडनमध्ये बसून जुळवलेली. हे कळल्यावर चित्राची किंमत कमी होत नाही. उलट त्यातले काय पुरावा म्हणून धरायचे आणि काय नाही हे आपल्याला नीट उमगते. गेंड्याच्या एका रेखाटनापासून निघून एका संध्याकाळीत इथपर्यंत येता येते, आणि यासाठी कुठेही पैसे भरावे लागत नाहीत.

या वाटेवरचा सर्वांत मोठा अडथळा स्पेलिंगचा. परदेशी सूचीकारांनी आपली नावे त्या त्या काळच्या कानाने लिहिली. पुणे हवे असेल तर दोन ‘ओ’ असलेले पूना, ठाणे हवे असेल तर टॅना, खडकीसाठी किर्की, पूर्वीच्या अहमदनगरसाठी नगरऐवजी ‘नग्गर’, अजिंठ्यासाठी ‘अजुंटा’, वेरूळसाठी एलोरा, साष्टीसाठी साल्सेट, घारापुरीसाठी एलिफंटा असे टाकून पाहावे लागते. माणसांच्या नावांचे तर विचारू नका. सवाई माधवराव ‘मधू राव नारायण’ होतात, गंगारामाचे पहिले अक्षर कधी ‘जी-ए’ने तर कधी ‘जी-यू’ने लिहिलेले सापडते. मराठा हा शब्दच ‘महराटा’, ‘मरहट्टा’ अशा रूपांत येतो. एखादे चांगले स्पेलिंग सापडले की वहीच्या शेवटच्या पानावर त्याची यादी करत जावे. महिन्याभरात ती यादी कुठल्याही शोधयंत्रापेक्षा उपयोगी पडू लागते.

माणसाऐवजी छापखान्याचे नाव शोधणे हीही एक उत्तम युक्ती आहे. आपल्या आजीच्या देवघरातली लक्ष्मी-सरस्वतीची छापील चित्रे बहुतेक राजा रविवर्म्याच्या छापखान्यातून किंवा त्याच्या नकलांतून आलेली. १८९४ मध्ये मुंबईत निघालेला हा छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि नंतर फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती आला. त्याच्याही आधी, १८७८ मध्ये, विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने पुण्यात चित्रशाळा निघाली होती. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या संकेतस्थळावर या दोन्ही छापखान्यांची नावे टाकून पाहा. इथे रद्दीत गेलेली चित्रे तिथे कागदाच्या मापासह जपलेली दिसतील. ही चित्रे ज्या शिळाछापाने छापली जात, त्यात प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागे आणि एकच कागद पुन्हापुन्हा छापावा लागे. चित्र मोठे करून पाहिले की रंगांच्या कडा किंचित सरकलेल्या दिसतात, तिथे हाताचे काम कळते.

मोठे करून पाहणे

मोठे करून पाहण्याबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण गेल्या काही वर्षांत तंत्रज्ञानाने कलेच्या रसिकाला दिलेली सर्वांत मोठी भेट हीच आहे. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने रेम्ब्रांटच्या ‘नाइट वॉच’ या १६४२ सालच्या चित्राचा २०१९ पासून सखोल अभ्यास चालवला आहे. जानेवारी २०२२ मध्ये त्यांनी या चित्राचे ७१७ गिगापिक्सेलचे छायाचित्र सर्वांसाठी खुले केले. ८,४३९ वेगवेगळी छायाचित्रे जोडून ते तयार झाले आहे आणि त्यातल्या दोन शेजारच्या ठिपक्यांमधले अंतर ५ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दोनशेवा भाग आहे. मूळ चित्र पावणेचार मीटरहून उंच आणि साडेचार मीटर रुंद. प्रत्यक्ष दालनात तुम्ही काही मीटर अंतरावर उभे असता. पडद्यावर तुम्ही रंगाच्या एका भेगेत उतरू शकता, चित्रातल्या कॅप्टनच्या डोळ्यात टाकलेला पांढऱ्या रंगाचा कण पाहू शकता.

एवढे अवाढव्य चित्र साध्या फोनवर कसे उघडते? चित्र आधीच हजारो छोट्या चौकोनी तुकड्यांत कापून ठेवलेले असते, आणि तेही अनेक पातळ्यांवर. सर्वांत वरच्या पातळीवर आख्खे चित्र लहान आकारात, खालच्या पातळ्यांवर उत्तरोत्तर अधिक बारकावे. तुम्ही जिथे आणि जितके मोठे करता, तेवढेच तुकडे तुमच्याकडे येतात. अनेक संग्रहालयांनी आणि ग्रंथालयांनी यासाठी ट्रिपल-आय-एफ नावाचा एक समान संकेत स्वीकारला आहे. त्यामुळे एका संस्थेची पोथी आणि दुसऱ्या संस्थेची पोथी एकाच खिडकीत शेजारी ठेवून ताडून पाहता येतात. संकेतस्थळावर ट्रिपल-आय-एफचे चिन्ह दिसले तर ते आवर्जून दाबून पाहावे. पोथ्यांचा अभ्यास करणाऱ्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

पाहताना घाई करू नका. ‘नाइट वॉच’मध्ये उजव्या कोपऱ्यात ढोलाशेजारी एक कुत्रा आहे, तो बाकी चित्रापेक्षा इतका पुसट का, असा प्रश्न मनात येऊ द्या आणि मग संग्रहालयाने प्रसिद्ध केलेले संशोधन वाचा. त्यात हेही कळते, की १७१५ मध्ये हे चित्र ॲमस्टरडॅमच्या नगरभवनात दोन दारांमध्ये बसावे म्हणून चारही बाजूंनी कापले गेले. ते तुकडे सापडलेले नाहीत. गेरिट लुंडेन्स याने कापण्याआधी केलेली लहान नक्कल मात्र शिल्लक होती. तिच्या आधारे, रेम्ब्रांटची रंगवण्याची धाटणी संगणकाला शिकवून, २०२१ मध्ये हरवलेल्या कडा पुन्हा तयार करण्यात आल्या आणि काही काळ मूळ चित्राभोवती लावण्यात आल्या. कृत्रिम बुद्धिमत्तेचा इतका जबाबदार वापर मला क्वचितच दिसला आहे. काय मूळ आणि काय यंत्राने भरलेले, हे त्यांनी प्रत्येक पायरीवर उघड सांगितले.

याच संग्रहालयात विट्सेन अल्बम आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस गोवळकोंड्यात रंगवली गेलेली राजपुरुषांची ही चित्रे ॲमस्टरडॅमचा महापौर निकोलास विट्सेन याच्या संग्रहातली, आणि त्यांत शिवाजी महाराजांचेही चित्र आहे. ते आधी पूर्ण पाहा, मग तलवारीची मूठ, पागोट्यावरची नक्षी, अंगरख्याचे पारदर्शक कापड असे एकेक करून पाहा.

हक्कांचा प्रश्न

चित्र उतरवून घेण्याआधी हक्कांची ओळ वाचावी. मेट्रोपॉलिटनने फेब्रुवारी २०१७ मध्ये आपल्या संग्रहातल्या, स्वामित्वहक्काची मुदत संपलेल्या पावणेचार लाखांच्या आसपास चित्रांचा वापर पूर्ण खुला केला. व्यवसायासाठी वापरली तरी परवानगी लागत नाही. स्मिथसोनियनने २०२० मध्ये २८ लाख प्रतिमा अशाच खुल्या केल्या. ब्रिटिश म्युझियमच्या प्रतिमा मात्र अव्यावसायिक वापरापुरत्याच मोकळ्या आहेत. शाळेच्या भिंतीवर लावायला चालतील, विक्रीच्या दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठासाठी वेगळी परवानगी काढावी लागेल. आपल्याकडे पुस्तकांसाठी नियम असा, की लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षापासून साठ वर्षे हक्क टिकतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांची पुस्तके २०११ पासून सर्वांची झाली. नियम अनुकूल असला तरी संस्थेचे नाव आणि दाखल क्रमांक चित्राखाली छापण्याची सवय ठेवावी. पुढच्या वाचकाला मूळ नोंदीपर्यंत जायची वाट त्यामुळे मोकळी राहते.

मराठीत शोधताना

मराठी मजकूर शोधणे ही वेगळीच कसरत आहे, आणि ती कशामुळे करावी लागते हे माहीत नसल्याने अनेकजण ‘मराठीत काहीच नाही’ असे म्हणून परततात. पहिले कारण जुन्या फॉन्टांचे. युनिकोड रुळण्याआधीच्या मराठी संकेतस्थळांवर ‘शिवाजी’, ‘किरण’ असे फॉन्ट वापरले जात. पडद्यावर मराठी दिसे, पण आत साठवलेली असत रोमन अक्षरे आणि चिन्हे. शोधयंत्राला तो मजकूर मराठी म्हणून कळतच नाही. असे पान उघडल्यावर अर्थहीन रोमन अक्षरे दिसली तर हिरमुसू नका. ती युनिकोडमध्ये पालटून देणारी साधने फुकट मिळतात.

दुसरे कारण लेखनाचे. आजचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये ठरले. त्याआधीच्या पुस्तकांत ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘त्यांनीं’ असे अनुस्वार असत. जुन्या ग्रंथात शोध घेताना आधी आजच्या रूपाने आणि मग जुन्या रूपाने शोधावे. तिसरे कारण आणखी सूक्ष्म आहे. ‘दऱ्या’मधला ऱ्य संगणकावर दोन वेगवेगळ्या प्रकारे टंकता येतो, ‘ॲ’देखील एकसंध अक्षर म्हणून किंवा ‘अ’वर चंद्र देऊन असा दोन प्रकारे येतो. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राच्या लेखी ते वेगवेगळे शब्द ठरू शकतात. शोध फसला तर त्या अक्षराआधीचा शब्दाचा भाग तेवढा टाकून पाहावा.

इंटरनेट आर्काइव्हवर डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाने स्कॅन केलेली हजारो मराठी पुस्तके आहेत. त्यांची नावे रोमन लिपीत, तीही चमत्कारिक स्पेलिंगने नोंदलेली आहेत. ‘ज्ञान’ने सुरू होणारे पुस्तक हवे असेल तर ‘डी-एन’, ‘जे-एन’ आणि ‘जी-वाय’ या तिन्ही सुरुवाती टाकाव्या लागतात, आणि दीर्घ ‘आ’साठी दोन ‘ए’ असतील अशी तयारी ठेवावी लागते. एवढे केल्यावर मात्र केतकरांच्या ज्ञानकोशापासून विस्मृतीत गेलेल्या मासिकांपर्यंत खूप काही हाती येते. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली अनेक प्रकाशने स्वतःच्या संकेतस्थळावर मोफत ठेवली आहेत, तीही पाहावीत. तिथे आपल्याला दुकानांत न मिळणारी चांगली पुस्तके आहेत.

शब्दांसाठी माझा सर्वांत आवडता पत्ता शिकागो विद्यापीठाची डिजिटल साउथ एशिया लायब्ररी. मोल्सवर्थचा १८५७ सालचा कोश, दात्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’, तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश असे सगळे तिथे एका जागी शोधता येते. एखादा शब्द ज्ञानेश्वरकालीन मराठीत काय अर्थाने येई, एकोणिसाव्या शतकात त्याचे काय झाले आणि विसाव्या शतकात कुठल्या जिल्ह्यात तो कसा बोलला जाई, हे काही मिनिटांत समोर येते.

ऐकण्यासारखे

शिकागोच्या याच संकेतस्थळावर आवाजही आहेत. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाबरोबर १९१३ ते १९२९ या काळात भारतातल्या आणि ब्रह्मदेशातल्या भाषांची व बोलींची ग्रामोफोन ध्वनिमुद्रणे झाली. अनेक ठिकाणी बायबलमधली उधळ्या पुत्राची तीच गोष्ट बोलणाऱ्याकडून आपापल्या बोलीत सांगवून घेतली आहे. गोष्ट एकच असल्यामुळे शेजारच्या दोन बोलींतला फरक लगेच कानावर येतो. जुनी गाणी ऐकताना शेवटपर्यंत ऐका. १९०२ मध्ये कलकत्त्यात मुद्रित झालेली गोहर जान गाणे संपताना इंग्रजीत आपले नाव सांगते. तबकड्या जर्मनीत हानोव्हरला तयार होत, तिथल्या कारागिरांना गायिका कोण ते कळावे म्हणून ही पद्धत होती. तीही एक प्रकारची नोंदच, गळ्यातून आलेली.

पण ऐकायचेच असेल तर सर्वांत आधी जात्यावरच्या ओव्या ऐकाव्यात. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी ऐंशीच्या दशकापासून महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. बर्नार बेल यांनी त्यांतल्या अनेकींचे ध्वनिमुद्रण केले. आज हा संग्रह ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहस्थळावर आहे. प्रत्येक ओवीसोबत गाणाऱ्या बाईचे नाव, गाव, तालुका दिलेला आहे. लोकगीते म्हटले की गाणारीचे नाव न लिहिण्याची आपल्याकडे रीतच पडून गेली होती. इथे विषयांनी वर्गवारी केली आहे: माहेर, भाऊ, सीता, बाबासाहेब, पाऊस. तुमच्या तालुक्याचे नाव टाकून पाहा. तुमच्या गावची, कदाचित नात्यातलीही, एखादी आजी तिथे सापडू शकते.

गावावरून नकाशांकडे वळू. टेक्सास विद्यापीठाच्या पेरी-कास्टानेडा ग्रंथालयाने अमेरिकी लष्कराच्या नकाशा विभागाने १९५५ पासून छापलेले भारताचे नकाशे खुले ठेवले आहेत. मालिकेचा क्रमांक यू ५०२, प्रमाण एका सेंटिमीटरला अडीच किलोमीटर. उजनी धरणाचे पाणी आजच्या जागी येण्याआधीचा भीमाकाठ या नकाशांत जसाच्या तसा आहे: गावे, रस्ते, नदीचे मूळ पात्र. धरणात गेलेल्या गावांच्या माणसांनी आपल्या मुलांना दाखवावेत असे हे नकाशे आहेत. समासात लिहिलेला संकलनाचा काळ मात्र आधी वाचावा, कारण छपाईचे वर्ष आणि पाहणीचे वर्ष यांत बरेच अंतर असते.

खात्री कशी करावी

‘१८६० चे पुणे’ अशा नावाने फिरणारी अनेक छायाचित्रे आता संगणकाने तयार केलेली असतात. बोटे, पाट्यांवरची अक्षरे, सावल्या यांवरून ती ओळखता येतात असे सांगितले जाते, पण ही साधने दर महिन्याला सुधारत आहेत आणि तो भरवसा फार दिवस टिकणार नाही. टिकणारा उपाय एकच: संस्था कुठली, दाखल क्रमांक काय, हे विचारावे. उत्तर मिळाले नाही तर चित्र पुढे पाठवू नये. रंग भरलेल्या जुन्या छायाचित्रांबाबतही मूळ कृष्णधवल प्रत शोधून तीच पाहावी.

दुसऱ्या टोकाला, अस्सल वस्तूची पाटीही तपासून घ्यावी लागते. दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’ची शिल्लक रिळे म्हणून जे चित्रण इंटरनेटवर पाहायला मिळते, ते मूळ चित्रपटाचे नसून त्यांनीच १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीचे असावे, असे काही चित्रपट-इतिहासकारांचे मत आहे. यावर वाद आहे. म्हणून पाहताना दोन्ही बाजू वाचाव्यात आणि आपल्या वहीत ‘१९१३, मतभेद आहेत’ असे लिहावे.

सापडलेले जपून ठेवणे तितकेच महत्त्वाचे. ऑक्टोबर २०२३ मध्ये लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि तिथली स्कॅन केलेली हस्तलिखिते कितीतरी महिने कुणालाच पाहता आली नाहीत. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात इंटरनेट आर्काइव्हही काही दिवस बंद पडले होते. जे खुलेपणाने उतरवून घेता येते ते आपल्या संगणकावर घ्यावे, फाइलच्या नावातच संस्थेचे नाव आणि दाखल क्रमांक घालावा. पान जपायचे असेल तर वेबॅक मशीनमध्ये पान साठवण्याची सोय आहे. पत्ता चिकटवला की त्या दिवशीची प्रत तिथे राहते.

आणि एक गोष्ट, जी मराठी वाचकालाच करता येण्यासारखी आहे. परदेशी संग्रहांतल्या अनेक चित्रांवर, पत्रांवर, नकाशांवर मोडीत किंवा देवनागरीत मजकूर असतो आणि नोंदीत ‘अवाचित मजकूर’ एवढेच लिहिलेले असते. तुम्हाला तो लागला तर संग्रहालयाला जरूर कळवा. बहुतेक संकेतस्थळांवर नोंदीत सुधारणा सुचवण्याची जागा किंवा त्या विभागाचा ईमेल असतो. पत्र छोटे असावे: दाखल क्रमांक, मजकूर चित्रात कुठे आहे, देवनागरीत तो कसा वाचला, इंग्रजीत अर्थ काय, आणि कोणत्या अक्षराबद्दल शंका आहे. शंका सांगितली की सूचीकाराचा विश्वास बसतो. मोडी येत नसेल तर मराठी विकिस्रोतावर काम आहे. तिथे स्कॅन केलेल्या पानाशेजारी यंत्राने वाचलेला मजकूर असतो. लाल पान कुणी तपासलेले नसते, एकदा तपासले की ते पिवळे होते, दुसऱ्या व्यक्तीने पुन्हा पाहिले की हिरवे. सुरुवात पिवळ्या पानापासून करावी. तिथे चुका थोड्या उरलेल्या असतात आणि जुन्या छपाईची, जुन्या अनुस्वारांची नजरेला सवय होते. मग लाल पानाला हात घालावा.